दोन देशांच्या भांडणात मध्यस्थ नेमकं करतो तरी काय?

शाळाबाई

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ३३ वं कलम वर्गात घेत होते. वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय. यादी फळ्यावर लिहिली, मुलांनी उतरवून घेतली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, लवाद निकाल देतो, न्यायालय निकाल देतं. मध्यस्थाला निकाल द्यायचाच नाही तर तो करतो काय? चहा पाजतो?"

तास संपत आला होता म्हणून निभावलं. पण घरी येऊन पुस्तकं चाळली तर सगळीकडे तेच: 'मध्यस्थ दोन्ही पक्षांत संवाद घडवून आणतो.' हे त्या मुलाला सांगितलं तर तो पुन्हा चहावरच येणार.

कुणी एखादं खरं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकेल का? तिऱ्हाईत आला तेव्हा गाडं कुठे अडलं होतं, त्याने प्रत्यक्ष काय केलं, कशामुळे सुटलं किंवा फिसकटलं. २०२५ च्या मे महिन्यातली शस्त्रसंधी कुणी घडवली यावर इथे रणकंदन होऊन गेलंय, ते कृपया पुन्हा नको.

खिडकीजवळची सीट

चहा पाजतो हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही हो. वाचनखूण साठवली आहे, जाणकार येऊ द्यात.

कोल्हापुरी बंधारा

बाई, माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी कृष्णाकाठी. त्यामुळे मला नदीचंच उदाहरण सुचणार. सिंधू पाणीवाटप करार. हा करार घडवण्यात जागतिक बँक जवळजवळ नऊ वर्षं मध्यस्थ होती. न्यायाधीश नव्हे, लवादही नव्हे. आणि तिने नुसता चहा पाजला नाही.

आधी गाडं कुठे अडलं ते. फाळणीची रेघ पंजाबातल्या कालव्यांवरून गेली. रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर ही दोन्ही मुखं, म्हणजे नदीचं पाणी कालव्यात सोडायच्या जागा, भारतात राहिली, पण त्यांच्या पाण्यावर भिजणारी बरीच जमीन पाकिस्तानात गेली. तात्पुरती जी व्यवस्था केली होती तिची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली आणि दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाबने पाणी बंद केलं. एप्रिलात कालवा कोरडा पडणं म्हणजे काय, हे पाण्याची पाळी चुकलेल्या गावात उभं राहून ज्याने शिव्या खाल्ल्यात त्याला विचारा. ४ मे १९४८ ला दिल्लीत समझोता झाला, पाणी सुटलं. मग त्या समझोत्याचा अर्थ काय, यावरूनच भांडण सुरू. पाकिस्तान म्हणे आंतरराष्ट्रीय न्यायालयात चला. भारत म्हणे चालणार नाही. पाकिस्तानची बाजू अशी की आमचा वापर आधीपासूनचा आहे. भारताची अशी की आमच्या हद्दीतल्या नद्यांवर आमचा अधिकार. दोघांचेही वकील हुशार आणि दोघांच्याही फायली जाडजूड. अशा वेळी कुणीच हलत नाही.

१९५१ मध्ये डेव्हिड लिलियेंथल नावाचा अमेरिकी गृहस्थ इकडे फिरून गेला. तेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा हा जुना अध्यक्ष. परत जाऊन त्याने लेख लिहिला: सिंधूचं खोरं एकच आहे, दोघांनी मिळून ते विकसित करावं, पैसा जागतिक बँकेने द्यावा. बँकेचे अध्यक्ष युजीन ब्लॅक यांनी तो धागा उचलला आणि दोन्ही पंतप्रधानांना पत्रं लिहिली. त्या पत्रव्यवहारात ब्लॅकनी जी चौकट आखली, तीच मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. प्रश्न राजकीय पातळीवर नव्हे, कामाच्या पातळीवर सोडवायचा. जुने दावे, जुन्या वाटाघाटी बाजूला ठेवायच्या. दोन्हीकडचे अभियंते बसतील, बँकेचा अभियंता सोबत बसेल, आणि हे चालू असेपर्यंत कुणीही दुसऱ्याचं चालू पाणी कमी करणार नाही.

म्हणजे बघा, 'पाणी कुणाचं' हा प्रश्न टेबलावरून उचलला आणि तिथे 'एवढ्या पाण्यात दोघांचं कसं भागेल' हा ठेवला. पहिल्या प्रश्नाला फक्त एकच जण जिंकू शकतो. दुसऱ्याला निदान आकडेमोड तरी करता येते.

मे १९५२ मध्ये वॉशिंग्टनला पहिली बैठक झाली. भारताकडून ए. एन. खोसला, पाकिस्तानकडून एम. ए. हमीद, बँकेकडून जनरल रेमंड व्हीलर. हा व्हीलर अमेरिकी लष्करातला अभियंता. पुढे १९५७ मध्ये बुडालेली जहाजं काढून सुएझ कालवा मोकळा करायचं कामही त्याच्याकडेच होतं. नंतरच्या बैठका कराची आणि दिल्लीला झाल्या.

अभियंते बसवल्याने काय होतं, हे मी फार लहान पातळीवर पाहिलंय. सीमेलगतच्या एका मोजणी ठिकाणी आमची आणि कर्नाटकची संयुक्त मोजणी असायची. पेपरात दोन्हीकडचे मंत्री एकमेकांवर तुटून पडलेले, आणि आम्ही दोन्हीकडचे कनिष्ठ अभियंते एकाच नावेत. करंट मीटर पाण्यात सोडायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि पंख्याच्या फेऱ्यांची टिकटिक मोजायची. एकाने टिकटिक मोजायची, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. पुढच्या टप्प्याला अदलाबदल. पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत असंच. शेवटी आकडा काढला की दोघांच्याही वहीत दोघांच्या सह्या. त्या आकड्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडण व्हायचं ते आकड्याचा अर्थ काय यावर, आणि तेही आमच्या डोक्यावरून, मुंबई-बंगळुरात.

सिंधूच्या बाबतीतही तसंच झालं. पाणी किती आहे यावर अभियंत्यांचं साधारण जमलं. वाटणीवर आले तेव्हा मात्र, १९५३ अखेर, भारताच्या योजनेत भारताला २९ आणि पाकिस्तानला ९० दशलक्ष एकर-फूट; पाकिस्तानच्या योजनेत भारताला साडेपंधरा आणि स्वतःला १०२.५. भारताच्या हिश्श्यात फरक साडेतेरा दशलक्ष एकर-फुटांचा. आपल्या हिशेबात सांगायचं तर सुमारे ५८८ टीएमसी (अब्ज घनफूट). बच्छावत लवादाने अख्ख्या महाराष्ट्राला कृष्णेतून दिलं ५६०. एवढं पाणी नुसत्या चर्चेने सुटत नसतं.

मग बँकेने यजमानाची खुर्ची सोडली. ५ फेब्रुवारी १९५४ ला स्वतःचा प्रस्ताव टाकला: पाणी वाटू नका, नद्याच वाटा. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. दोन्हीकडे किरकोळ अपवाद. लिलियेंथलचं एकत्र खोऱ्याचं स्वप्न गेलं कचऱ्यात. अभियंता म्हणून मला हे आजही बोचतं, कारण एका खोऱ्याची अशी उभी चिरफाड कुठलाही जलतज्ज्ञ आपणहून करणार नाही. पण रोज एकमेकांना फोन करून दारं वरखाली करावी लागतील इतका भरवसा त्या दोघांत नव्हता, आणि बँकेने ते ओळखलं. उत्तम योजनेपेक्षा ज्यात एकमेकांशी कमीत कमी संबंध येईल ती योजना निवडली.

भारताने महिना-दीड महिन्यात होकार दिला. पाकिस्तानने जुलैपर्यंत वेळ घेतला, तोही अटी घालून. त्यांची अडचण खरी होती. पूर्वेच्या नद्यांवर भिजणाऱ्या जमिनीला आता पश्चिमेच्या नद्यांतून पाणी आणायचं, म्हणजे मोठमोठे जोडकालवे हवेत, आणि साठवणीची धरणंही हवीत. त्याचा खर्च कोण करणार? भारत म्हणाला, जे कालवे आमच्यामुळे तुटले त्यांच्या बदली कामांपुरता आम्ही देऊ. तुमच्या नव्या विकासाचा खर्च आमच्या माथी नको. इथे पुढची पाच-सहा वर्षं गेली. बँकेचे उपाध्यक्ष विल्यम इलिफ यांनी ती निभावली. लोक प्रस्ताव लक्षात ठेवतात, इलिफची ही चिकाटी कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटी बँक झोळी घेऊन निघाली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पश्चिम जर्मनी, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका यांनी पैसे घातले, बँकेने कर्ज दिलं, सुमारे ९० कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. त्यात भारताचा वाटा ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, दहा वार्षिक हप्त्यांत. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या. आणि बँकेच्या वतीने इलिफ यांनीही, काही ठरावीक कलमांपुरती. मध्यस्थाची स्वतःची सही करारावर असणं हे फार विरळ.

तर तुमच्या विद्यार्थ्याला माझं उत्तर असं: चांगला मध्यस्थ भांडणाचा प्रश्न बदलतो, आणि बदललेल्या प्रश्नाचं उत्तर परवडेल अशी पैशांची सोय करतो. संवाद वगैरे त्याच्या आजूबाजूला चालू असतो.

रोखठोक

काका, माहिती झकास, पण गुलाबी चष्मा काढा जरा. सहा नद्यांचं ऐंशी टक्के पाणी पाकिस्तानला देऊन टाकलं, वर पैसेही दिले, आणि याला आपण यशस्वी मध्यस्थी म्हणायचं? पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित केलाच ना? ज्या कराराची ही गत झाली त्याचं कौतुक कशाला? आणि १९७२ च्या सिमला करारानंतर आपल्याला तिसरा माणूस नकोच आहे, विषय संपला.

कोल्हापुरी बंधारा

रोखठोकराव, एकेक घेऊ.

ऐंशी टक्के हा आकडा साधारण बरोबर आहे, पण 'देऊन टाकलं' हे नाही. पश्चिमेच्या तीन नद्यांचं पाणी पाकिस्तानातच वाहत होतं आणि तिथेच वापरलं जात होतं. ते अडवून इकडे वळवायला मधे हिमालय आहे. भारताला हवी होती सतलज, बियास, रावी, कारण भाक्रा आणि राजस्थानचा कालवा त्यांच्यावर उभा राहणार होता. त्या तीन नद्यांवर पाकिस्तानचा जुना वापर होता, आणि तो दहा वर्षांच्या मुदतीत सोडवून घेतला गेला. पौंड त्याचे. सौदा वाईट होता असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा, पाकिस्तानातही बरेच लोक नेमकं तेच म्हणतात की तीन नद्या विकल्या. १९६५ च्या युद्धाच्या वर्षीही भारताचा हप्ता चुकला नाही, हेही ध्यानात घ्या.

स्थगितीबद्दल. मध्यस्थी १९६० ला संपली. त्यानंतर जे चाललं ती मध्यस्थी नव्हती, तिने मागे ठेवलेली शिडी होती. कराराच्या नवव्या कलमात ती आहे: आधी दोन आयुक्तांनी बसायचं, नाही जमलं तर तटस्थ तज्ज्ञ, त्यावर लवाद न्यायालय. बगलिहार धरणावरून २००५ मध्ये तटस्थ तज्ज्ञ नेमावा लागला, स्वित्झर्लंडचे रेमों लाफित. त्यांनी २००७ मध्ये निर्णय दिला: धरण भारताने बांधावं, पण पाण्याच्या कमाल पातळीवर माथ्यापर्यंत जी मोकळी उंची ठेवली आहे ती दीड मीटरने कमी करावी, शिवाय आणखी थोडे फेरफार. दोन्ही देशांत आपणच जिंकलो असं जाहीर झालं. किशनगंगा प्रकल्पाचं प्रकरण लवादाकडे गेलं, २०१३ मध्ये निकाल आला, भारताने पाणी वळवावं पण खाली सेकंदाला किमान ९ घनमीटर सोडावं. १९६५, १९७१, कारगिल यांतून हा करार तरला तो या शिडीमुळे.

२०२५ मध्ये तो स्थगित झाला तेव्हा कारण पाणी नव्हतं, दहशतवाद होता. ब्लॅकनी राजकारण दाराबाहेर ठेवून काम करून घेतलं, पण दाराबाहेर ठेवलेलं तिथून निघून जात नाही. प्रश्न बदलला की जुना प्रश्न मिटतो असा माझा दावा नाही. पासष्ट वर्षं तो आड राहिला आणि तेवढ्या काळात कोट्यवधी एकर भिजले, एवढाच आहे.

सिमला करार काढून वाचा. त्यात द्विपक्षीय वाटाघाटींनी 'किंवा दोघांना मान्य असेल अशा अन्य शांततामय मार्गाने' असं आहे. भारताचं धोरण तिसरा नको असं आहे आणि त्याला कारणं आहेत, पण कागदावर दार पूर्ण बंद केलेलं नाही.

आणि तिसऱ्याचा कटू अनुभव म्हणाल तर सिंधू सोडून १९६५ च्या युद्धानंतरच्या ताश्कंदकडे बघा. जानेवारी १९६६, सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यजमान. शास्त्रीजींबरोबर संरक्षणमंत्री म्हणून आपले यशवंतराव चव्हाण होते. कोसिगिन या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. ४ ते १० जानेवारी, आठवड्यात सगळं उरकलं: दोन्ही सैन्यं ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परत. म्हणजे जिंकलेली हाजी पीर खिंडही परत. शास्त्रीजी त्याच रात्री गेले. तिथे कुणी प्रश्न बदलला नाही, पुढची यंत्रणा ठेवली नाही, फक्त घड्याळ मागे फिरवलं. सहा वर्षांच्या आत पुढचं युद्ध.

रोखठोक

हाजी पीरवर सहमत. बाकीच्यावर नाही, पण सिमल्याचं कलम खरंच काढून वाचलं. तिथे ते शब्द आहेत.

ओस्लोचा पाहुणा

इथे नॉर्वेत राहून हा धागा वाचतोय आणि काकांच्या सूत्रात थोडा खडा टाकतो. पैशाची सोय केली की जमतं, असं असतं तर श्रीलंका आज निराळी दिसली असती.

फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने रनिल विक्रमसिंघेंचं सरकार आणि वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी एलटीटीई यांच्यात शस्त्रसंधी झाली. एरिक सोल्हाइम हे नॉर्वेचे दूत. त्याच वर्षी सप्टेंबरपासून थायलंडमधल्या सत्ताहीपपासून बैठका सुरू झाल्या. एप्रिल २००३ मध्ये एलटीटीईने बोलणी स्थगित केली. पुढे दोनच महिन्यांत टोकियोत देणगीदार देशांची परिषद भरली आणि साडेचार अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यातला एक पक्ष त्या सभागृहात नव्हताच! जानेवारी २००८ मध्ये सरकारने शस्त्रसंधीतून अधिकृतपणे अंग काढून घेतलं, मे २००९ मध्ये युद्ध संपलं ते कसं संपलं हे सगळ्यांना माहीत आहे.

मला स्वतःला वाटतं की नॉर्वेने एकाच वेळी दोन टोप्या घातल्या. मध्यस्थ तेच, आणि शस्त्रसंधी कोण मोडतंय हे पाहणाऱ्या नॉर्डिक निरीक्षक पथकाचं नेतृत्वही त्यांच्याचकडे. निरीक्षक म्हणून एखाद्याचं उल्लंघन लिहून काढलं की संध्याकाळी मध्यस्थ म्हणून त्याच्याशी गोड कसं बोलणार? २००६ मध्ये युरोपीय महासंघाने एलटीटीईवर बंदी घातली, तेव्हा एलटीटीईने स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडच्या निरीक्षकांना जायला सांगितलं. राहिले नॉर्वे आणि आइसलंड. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा तीन लाख. आता या पथकाने जाफन्यापासून त्रिंकोमालीपर्यंत नजर ठेवायची!

माझ्या कार्यालयात एक श्रीलंकन तमिळ सहकारी आहे. २००९ च्या वसंतात इथल्या रस्त्यांवर जी निदर्शनं झाली त्यात तो होता. त्याचं म्हणणं असं की नॉर्वे दोघांनाही आवडावं यासाठी धडपडत राहिलं. सिंहली लोक नेमकं उलट म्हणतात, की नॉर्वे एलटीटीईच्या खिशात होतं. नॉर्वेने मात्र एक केलं, जे फारसं कुणी करत नाही: आपल्या या अपयशाचं स्वतंत्र मूल्यमापन करवून घेतलं आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. फार गोड शब्द नव्हते त्यात.

शाळाबाई

बापरे, मी एक उदाहरण मागितलं होतं! ओस्लोकर, मग पैसा कुचकामी म्हणायचा का? काका, तुमचं काय म्हणणं?

कोल्हापुरी बंधारा

पाहुण्यांनी मुद्दा नेमका धरलाय. मी त्यात एवढंच जोडेन की टोकियोतला पैसा शांतता आली तर मिळणार होता; एक प्रकारचं बक्षीस. सिंधूतला पैसा अमुक जोडकालव्याचा, अमुक बराजचा (नदीवरच्या दारांच्या बांधाचा) होता. झेलमवरचं मंगला धरण त्यातून १९६७ मध्ये उभं राहिलं. ज्या कारणाने समोरचा 'नाही' म्हणत होता, तेच कारण त्या पैशाने खोदून काढलं. जाफन्यातल्या माणसाचं 'नाही' हे रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी नव्हतं, सत्तेसाठी होतं. त्याला डॉलर काय करणार?

दुसरं, १९५० च्या दशकात दिल्ली आणि कराची दोघांनाही युद्ध परवडत नव्हतं आणि दोघांनाही बँकेकडून इतर कामांसाठी कर्जं हवी होती. बँकेशी वाईटपणा घेणं महाग होतं. नॉर्वेशी वाईटपणा घेऊन कोलंबोचं काय बिघडणार होतं?

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीतला माणूस आहे, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे बऱ्याचदा गेलोय. तिथलं एक प्रकरण बाईंच्या यादीला अगदी फिट बसतं, कारण त्यात आधी लवाद झाला आणि मग मध्यस्थी.

अगदी तळाशी बीगल वाहिनी आहे. तिच्या पूर्वेच्या तोंडावर पिक्टन, लेनॉक्स, नुएवा अशी तीन बेटं. उघडी, गार, वाऱ्याची. तिथे पाच मिनिटं डेकवर उभं राहिलं तर कान गळून पडतील. चिली आणि अर्जेंटिना या बेटांवरून भांडत होते. रीतसर लवाद नेमला, १९७७ मध्ये निकाल लागला: बेटं चिलीची. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने निकालच रद्दबातल ठरवला. डिसेंबरात दोन्ही आरमारं समुद्रात, हल्ल्याचा हुकूम निघालेला. शेवटच्या घटकेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्ये पडून कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना पाठवलं. ८ जानेवारी १९७९ ला माँतेविदेओत दोघांनी बळाचा वापर करणार नाही असं लिहून दिलं.

पुढे काय झालं ते बघा. १९८० अखेर पोपनी प्रस्ताव दिला. चिलीने मान्य केला. अर्जेंटिनाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. व्हॅटिकनने घाई केली नाही, बोलणी चालू ठेवली. मधे १९८२ चं फॉकलंड युद्ध झालं, अर्जेंटिनाचे लष्करशहा गेले. सामोरे फेब्रुवारी १९८३ मध्ये वारले. त्याच वर्षी अर्जेंटिनात आल्फोन्सिन निवडून आले, त्यांनी सल्ल्यापुरतं सार्वमत घेतलं, ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, आणि २९ नोव्हेंबर १९८४ ला व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटं चिलीचीच राहिली! म्हणजे लवादाने जे सांगितलं तेच. फरक एवढाच की आजूबाजूच्या समुद्राची वाटणी अर्जेंटिनाला चालेल अशी झाली. खरं दुखणं बेटांचं नव्हतंच. चिलीने अटलांटिकमध्ये हातपाय पसरू नयेत, हे होतं. लवादाला फक्त वाहिनीतली हद्द आणि बेटं कुणाची एवढंच विचारलं होतं, त्याने तेवढंच सांगितलं.

पोपकडे ना सैन्य ना पैसा. पण दोन्ही देश कॅथलिक, पोपला तोंडावर नाही म्हणणं दोघांनाही जड.

ओस्लोचा पाहुणा

+१. आणि पोपनी वाट पाहिली. नॉर्वेला दर सहा महिन्यांनी काहीतरी दाखवावं लागत होतं.

रोखठोक

म्हणजे समोरची राजवट बदलेपर्यंत बसून राहायचं? भारताने तरी किती वर्षं बसायचं?

दर्यावर्दी

बसून राहायचं असं नाही. पण बसून असताना गोळीबार होणार नाही याची सोय आधी करायची. माँतेविदेओत तीच केली होती.

शाळाबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या तासाला हे नुसतं सांगून टाकलं तर मुलं पुन्हा वहीतच उतरवणार. वर्गात करून बघता येईल असं काही सुचतंय का? साठ मुलं, पंचेचाळीस मिनिटं, एक फळा.

कोल्हापुरी बंधारा

येईल की. दोन गट करा, प्रत्येकी वीस. दोघांनाही कालव्यांची, क्षेत्राची आणि पाण्याची तीच यादी द्या, पण एकाला मुखं द्या आणि दुसऱ्याला जमीन. वाटणी करायला सांगा. पंधरा मिनिटांत आरडाओरडा सुरू होईल, होऊ द्या. मग उरलेल्या वीस मुलांचा तिसरा गट आत सोडा. त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. त्यांच्याकडे फक्त तीन गोष्टी: कोरा फळा, दोन्ही गटांना एकेकटं भेटण्याची मुभा, आणि एक बंद पाकीट. पाकिटात दोन जोडकालवे पुरतील एवढे पैसे आहेत हे फक्त त्यांनाच माहीत. पाकीट कधी उघडायचं ते त्यांनी ठरवायचं. लवकर उघडलं तर दोन्ही गट पैशावरच भांडत बसतील, उशिरा उघडलं तर तास संपेल.

आकडे मुलांना झेपतील असे सोपे करून तक्ता टंकून ठेवलाय. एकाच कागदावर बसतो, मागच्या बाजूला कालव्यांचा कच्चा नकाशा आहे. व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो. फक्त एक करा, सिंधूचं नाव शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर वीसही मुलं पहिल्या मिनिटाला पाकिस्तानच्या गटात बसायला नकार देतील.